जामीन 'भरला' की जामिनापोटी 'ठेवला'?

गोव्यातल्या डिचोलीच्या एका वाचक भगिनीने विचारलं आहे: "भावावर मारामारीची केस होती. जामिनासाठी आम्ही १५,००० रुपये रोख भरले. आता केस मागे घेतली गेली. गावात सगळे सांगतात, भरलेले पैसे सरकारजमा झाले, विसरा आता. पैसे परत मिळण्याला मराठीत नेमकं काय म्हणायचं, परतावा, परतफेड की आणखी काही? आणि मुळात ते मिळतात का?"

मिळतात. भाऊ तारखांना हजर राहिला असेल, जामिनाची अट मोडली नसेल, तर ती रक्कम परत मिळायला हवी. ती मागावी मात्र लागते. न्यायालय घरी आणून देत नाही, आणि गावात म्हणतात तसं 'विसरून' गेलं तर ती तिथेच पडून राहते. म्हणूनच या प्रश्नातला शब्द मला महत्त्वाचा वाटतो. लोक पैसे मागायला जात नाहीत, त्याला 'भरले' हे क्रियापद बरंचसं कारणीभूत आहे.

घरपट्टी भरतो, विजेचं बिल भरतो, दंड भरतो. या सगळ्यात भरलं म्हणजे हातचं गेलं. बँकेतही आपण पैसे भरतोच, पण तिथलं खातं आपलं आहे हे पासबुकावर छापलेलं असतं. न्यायालयाच्या खिडकीवर धावपळीत, घरचा माणूस आत असताना, हातात एक पावती पडते आणि मनात शब्द राहतो 'भरले'. तिथे 'ठेवले' म्हटलं असतं तर ती पावती कुणी हरवली नसती.

आता 'जामीन' या शब्दाकडे येऊ. तो अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ अर्थ हमी घेणारा माणूस. पैसा नव्हे आणि सुटकाही नव्हे, माणूस. जुनी माणसं अजून म्हणतात, "मी त्याला जामीन राहिलो." कोंकणीतही 'जामीन रावप' आहेच. पुढे 'जामीन' सुटकेला चिकटला आणि माणसासाठी 'जामीनदार' असा वेगळा शब्द करावा लागला. आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत त्याच्याऐवजी 'हमीदार' बराच दिसतो. पोर्तुगीज कागदांत याच माणसाला 'फियादोर' म्हणत. तोही शब्द विश्वास टाकणे या अर्थाच्या धातूवरून आलेला.

जुन्या मराठी कारभारात जामिनाचे प्रकार होते आणि प्रत्येकाला नाव होतं. माणूस बोलावल्यावर समोर उभा करीन, अशी हमी घेणारा तो हाजीरजामीन. येणं बुडालं तर मी देईन म्हणणारा मालजामीन. हा यापुढे नीट वागेल म्हणणारा फैलजामीन. ही तीन नावं आपण टाकून दिली आणि एकट्या 'जामीन' शब्दावर सगळा भार टाकला, याची मला खरोखर हळहळ वाटते. फौजदारी खटल्यातला आजचा जामीन हा हाजीरजामीन आहे. पैसा ठेवला जातो तो हजेरीसाठी. गुन्हा घडला की नाही याच्याशी त्या पैशाचा संबंध नाही. आपल्या बोलण्यात मात्र तो मालजामीन होऊन बसतो, जणू गुन्ह्याचा काही हप्ता आगाऊ घेतला.

गोव्यातल्या बातम्यांत एक वाक्य नेहमी येतं: "२०,००० रुपयांच्या वैयक्तिक हमीवर व तेवढ्याच रकमेच्या एका हमीदारावर सशर्त जामीन मंजूर." हे वाचून पुष्कळांना वाटतं की ४०,००० रुपये मोजले. प्रत्यक्षात त्या दिवशी एक रुपयाही हललेला नसू शकतो. पहिले २०,००० म्हणजे आरोपीचं स्वतःचं लिहून देणं, मी आलो नाही तर एवढी रक्कम देणं लागेन. यालाच जातमुचलका म्हणतात. इथल्या 'जात'चा जातीपातीशी काही संबंध नाही, 'जातीने लक्ष घालणे'मधला तो 'जात', म्हणजे स्वतः. दुसरे २०,००० म्हणजे हमीदाराचं तसंच लिहून देणं. त्याची ऐपत पटावी म्हणून तो जमिनीचा एक-चौदाचा उतारा, घरपट्टीची पावती किंवा पगाराचा दाखला जोडतो. खटला संपला की ही दोन्ही लेखी वचनं, म्हणजे बंधपत्रं, रद्द होतात आणि मूळ कागद न्यायालयात ठेवले असतील तर ते परत घेता येतात. इथे परत मिळायला पैसेच नसतात.

पैसे खरोखर हलतात ते तिसऱ्या प्रकारात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९० सांगतं की बंधपत्राऐवजी ठरावीक रोख रक्कम किंवा सरकारी वचनचिठ्ठ्या ठेवायची परवानगी न्यायालय किंवा अधिकारी देऊ शकतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ४४५ होतं. त्याला एकच अपवाद, चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र. म्हणजे फैलजामीन रोखीत चालत नाही. शब्द विस्मरणात गेला तरी फरक कायद्यात शाबूत आहे. पर्यटक, बाहेरून आलेला मजूर, ज्याला इथे ओळखीचा हमीदार मिळत नाही, त्याला हा रोखीचा रस्ता सोयीचा पडतो. डिचोलीच्या ताईंचे १५,००० याच कलमाखाली ठेवलेले असणार. ते बंधपत्राच्या जागी बसलेले आहेत, त्यामुळे जे बंधपत्राचं होतं तेच त्यांचं. अट पाळली की मोकळे, अट मोडली की कलम ४९१ खाली जप्तीची कारवाई. तिथेही आधी कारण विचारावं लागतं आणि रकमेचा काही भाग माफ करायचा अधिकार न्यायालयाला असतो.

'जामीन' शब्दात काय काय बसतं हा वाद सर्वोच्च न्यायालयातही झाला आहे. १९७८ साली मोती राम नावाच्या मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचं प्रकरण तिथे पोचलं. त्याला १०,००० रुपयांचा जामीनदार द्या असं सांगितलं होतं आणि भावाने दिलेली हमी नाकारली, कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की जामिनात जामीनदारासह सुटकाही येते आणि नुसत्या जातमुचलक्यावरची सुटकाही येते. त्यांनी त्याला १,००० रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडायला लावलं. तेव्हाच्या संहितेत 'जामीन'ची व्याख्याच नव्हती. नव्या संहितेच्या कलम २ मध्ये ती आली आणि बंधपत्र व जामीनपत्र असे दोन वेगळे शब्दही आले: जामीनदार नसेल तर पहिलं, असेल तर दुसरं. बातमीदारांनी हे दोन शब्द उचलले तर बातम्यांतलं ते '२०,००० रुपयांच्या वैयक्तिक हमीवर'चं वाक्य कितीतरी सुबोध होईल.

ताईंच्या प्रश्नातला दुसरा शब्दप्रयोग 'केस मागे घेतली'. याच्या पोटात किमान चार वेगळ्या गोष्टी असतात आणि अर्ज करताना नेमकी कुठली ते लिहावं लागतं. समजा तक्रार शेजाऱ्याची होती. त्याने पोलिसांत जाऊन "माझी तक्रार नाही" म्हटलं, एवढ्याने खटला संपत नाही. पोलिसांनी गुन्हा नोंदवला की तो सरकारचा खटला होतो. शेजाऱ्याशी समेट झाला आणि गुन्हा तडजोडीला पात्र असला तर कलम ३५९ खाली तडजोड होते. तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेसारखाच. सरकारी वकिलाने न्यायालयाच्या संमतीने खटला मागे घेतला तर ते कलम ३६०. आरोपनिश्चिती, म्हणजे न्यायालयाने नेमके आरोप ठरवणं, व्हायची असेल तर आरोपी आरोपमुक्त होतो, झाली असेल तर निर्दोष सुटतो. 'आरोपमुक्त' आणि 'निर्दोष' हे शब्द एकाच मापाचे नाहीत, बातम्यांत ते सर्रास अदलाबदल करून येतात. आणि पर्वरीला उच्च न्यायालयात गुन्हाच रद्दबातल ठरवून घेतला तर तो चौथा रस्ता, कलम ५२८ चा. पैशाच्या बाबतीत खटला संपवणाऱ्या या तिन्ही रस्त्यांचा शेवट एकच, फक्त वेळ वेगळी. खटला चालून निकाल लागतो तेव्हा वरच्या न्यायालयात हजर राहण्यासाठी कलम ४८१ प्रमाणे सहा महिन्यांचं बंधपत्र घेतलं जातं. रोख रक्कम त्याच्यासाठी ठेवून घेतली असेल तर तेवढं थांबावं लागतं.

मोबाइलवर शोधणाऱ्यांना एक सांगायला हवं. तिथे बहुतेक उत्तरं अमेरिकेची निघतात. तिकडे जामीन लिहून देणारे धंदेवाईक लोक असतात. ते साधारण जामिनाच्या दहा टक्के रक्कम फी म्हणून घेतात आणि आरोप मागे घेतले तरी ती परत देत नाहीत, कारण ती त्यांची मजुरी. न्यायालयात स्वतः रोख ठेवली असेल तर ती तिथेही परत मिळते. न्यूयॉर्कमध्ये दोषी ठरल्यास तीन टक्के कापतात, आरोप रद्द झाले तर काहीच कापत नाहीत. आपल्याकडे पैसे घेऊन जामीन राहण्याच्या धंद्याला कायद्याची मान्यता नाही. तेव्हा "दहा टक्के गेले" हे उत्तर डिचोलीला लागू नाही.

राहिला परत मिळण्याचा शब्द. 'परतफेड' कर्जाची होते, घेतलेलं फेडतो ती. इथे न्यायालयाने उसने घेतले नव्हते. 'परतावा' आयकराचा येतो, जास्त कापलेलं परत येतं तो, किंवा गुंतवणुकीवरचा लाभ. चालवून घेता येईल, पण मला तो इथे बसत नाही. या पैशाला आपल्याकडे नेमका शब्द आहे: अनामत. विश्वासाने दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली वस्तू. हिंदीत निवडणुकीची ठेव आणि न्यायालयातली सुटका दोन्ही 'जमानत'च. मराठीने 'अनामत' आणि 'जामीन' असे दोन शब्द वेगळे राखले आहेत. उमेदवाराची अनामत वाचते किंवा जप्त होते, हे शाळकरी पोरालाही कळतं. तोच शब्द न्यायालयातही वापरावा. जामीन मंजूर होतो, जामिनापोटी अनामत ठेवतात, खटला संपला की अनामत परत मिळते. यातला 'पोटी' फार कामाचा, पैसा आणि जामीन या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे तो एका शब्दात सांगतो.

अर्ज ज्याच्या नावे पावती आहे त्याने करायचा. ताईंच्या नावाची पावती असेल तर पैसे भावाच्या नव्हे, ताईंच्या खात्यात यायला हवेत. सोबत मूळ पावती, खटला संपल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत आणि बँक खात्याचा तपशील. पावती हरवली असेल तर तसं प्रतिज्ञापत्र. गोव्यातल्या न्यायालयांचं बरंचसं काम इंग्रजीत चालतं, त्यामुळे वकील इंग्रजीतच अर्ज टाकतील. त्यांना मजकूर समजावून सांगायला किंवा स्वतः वाचून सही करायला मराठीत तो असा लिहिता येईल:

"वरील खटल्यात आरोपीच्या जामिनापोटी मी दिनांक अमुक रोजी, पावती क्रमांक अमुक अन्वये, रुपये १५,००० इतकी रोख अनामत या न्यायालयात ठेवली होती. आरोपीने जामिनाच्या सर्व अटी पाळल्या आहेत. सदर खटला सरकार पक्षाने मा. न्यायालयाच्या संमतीने मागे घेतला असून आरोपी दिनांक अमुकच्या आदेशाने आरोपमुक्त झाला आहे. सबब सदर अनामत मला परत देण्याचा आदेश व्हावा, ही विनंती."

तडजोड झाली असेल तर मधलं वाक्य तेवढं बदला.