‘फॉरेन्सिक’ आणि आपलं दार

एका काकूंचा प्रश्न आलाय. त्यांचा भाचा अमेरिकेत फॉरेन्सिक इंजिनिअर आहे, लग्नाच्या बायोडेटात मराठीत काय लिहायचं म्हणून कुणीतरी त्यांना ‘न्यायवैद्यक अभियंता’ सुचवलं, त्यांनी ते लिहिलं, आणि मुलीकडच्यांचा फोन आला, “म्हणजे पोस्टमार्टेम करतात का हो?” तर हा शब्द बरोबर आहे का, नसेल तर कुठला लिहू?

बरोबर नाही काकू. न्यायवैद्यकातलं ‘वैद्यक’ वैद्याकडून आलंय. मृतदेह, जखमा, विषबाधा हा त्याचा प्रांत, आणि त्याच्यापुरता तो शब्द उत्तम आहे. पण कोसळलेल्या पुलाला, फुटलेल्या बॉयलरला वैद्य कशाला? तरी टीव्हीवर बिनधास्त ‘पुलाचा न्यायवैद्यक अहवाल’ म्हणतात आणि माझ्या हातातला चहा सांडतो. गुन्ह्याच्या मालिका बघून बघून आपल्या डोक्यात फॉरेन्सिक म्हणजे मढं असं घट्ट बसलंय.

फॉरेन्सिकचं नातं आहे ते रोमन लोकांच्या फोरमशी. फोरम म्हणजे शहरातला मोकळा चौक, बाजार तिथेच, भाषणं तिथेच आणि खटलेही तिथेच. ‘फोरेन्सिस’ म्हणजे फोरमवरचा, आपल्याकडे म्हटलं तर चावडीवरचा. एवढं कुठल्याही डिक्शनरीत मिळेल. खरी गंमत त्याच्या मागे आहे.

फोरम म्हणजे मुळात घराबाहेरची जागा, आणि तो ज्या घराण्यातला त्यातलाच लॅटिन ‘फोरिस’, म्हणजे दार. हे फोरिस आणि आपलं दार एकाच मुळाचे! फ कुठे आणि द कुठे असं म्हणू नका. संस्कृत, लॅटिन, ग्रीक, फारसी ज्या एका जुन्या मूळ भाषेतून निघाल्या, तिच्यातला शब्दारंभीचा ध लॅटिनमध्ये फ होतो. आपला धूम तिकडे ‘फूमुस’ झाला, परफ्यूममधला फ्यूम तो हाच, म्हणजे आपला चुलीतला धूर आणि त्यांचं अत्तर सख्खे भाऊ. मग संस्कृतात ‘ध्वार’ हवं होतं, ‘द्वार’ कसं झालं? यावर एक स्पष्टीकरण असं देतात की दाराला फळ्या दोन, म्हणून ‘द्वि’च्या ओढीने ध चा द झाला. मला हे इतकं आवडतं की चुकीचं ठरलं तरी मी सोडणार नाही. ग्रीकमध्ये याच दाराचं ‘थुरा’ झालं, दारासारखी उभी लांबट ढाल ती ‘थुरेऑस’, आणि घशातल्या ढालीच्या आकाराच्या कूर्चेवरून थायरॉईड. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेता ना, ती दाराचीच. फॉरेनही यातलाच, दाराबाहेरचा तो फॉरेन.

आता व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय की फॉरेन्सिक हा ‘परीक्षणिक’चा अपभ्रंश आहे. ज्याने हा लिहिला त्याला माझा साष्टांग नमस्कार. दोन शब्द सारखे वाजले की एक दुसऱ्याचा बाप होत नाही.

फारसीतही हेच दार ‘दर’ आहे. दरवाजा, दरवान, दर्गा, सगळे त्यातलेच. आणि दरबार! दर म्हणजे दार, बार म्हणजे आत येण्याची परवानगी, राजाची भेट. रोमन माणूस न्यायासाठी दाराबाहेर चौकात गेला, इराणी माणूस राजाच्या दारात उभा राहिला, शब्द दोघांचाही दारातूनच निघाला. म्हणून माझं जुनं म्हणणं आहे की फॉरेन्सिक इंजिनिअरला सर्वात जवळचा देशी शब्द ‘दरबारी इंजिनिअर’. हे मी एका मराठीच्या प्राध्यापकांना सांगितलं तर ते खो खो हसले, म्हणे दरबारी म्हणजे हांजीहांजी करणारा. अहो सर, पण मुद्दा तोच आहे, दरबारी कुणाचा? पडलं-फुटलं ते का, हे शोधून कोर्टात सांगणाऱ्या या माणसाची फी विमा कंपनी देते नाहीतर कॉन्ट्रॅक्टर देतो, पण पिंजऱ्यात उभा राहिला की त्याने बांधील राहायचं ते कोर्टाला. फी देणाऱ्याची री ओढायला लागला की समोरचा वकील उलटतपासणीत त्याची सालं काढतो.

ही जात जुनी आहे. १७८२ साली इंग्लंडात वेल्स नावाचं बंदर गाळाने भरत चाललं होतं, दोष एका बांधावर आला, आणि त्या खटल्यात जॉन स्मीटन, एडिस्टनचं दीपगृह बांधणारा इंजिनिअर, साक्षीला आला. समोरच्यांचा आक्षेप असा की हा डोळ्यांनी पाहिलेलं सांगत नाही, नुसतं मत सांगतोय. न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी ते मत ग्राह्य धरलं. आपल्याकडे १८७२च्या पुरावा कायद्यात कलम ४५ आलं, की परदेशी कायदा, शास्त्र किंवा कला यांवर तज्ज्ञाचं मत कोर्ट विचारात घेऊ शकतं, आता १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम ३९ झालंय. मूळ इंग्रजी कलमात ‘फॉरेन लॉ’ आहे बरं का, म्हणजे तिथेही दार आहेच.

भाचा नक्की करतो काय, हे मुलीकडच्यांना सांगायचं तर त्याच्याच देशातली गोष्ट सांगा. १७ जुलै १९८१, कॅन्सस सिटी, एका हॉटेलच्या लॉबीत एकावर एक टांगलेले दोन पादचारी पूल गर्दीत कोसळले, ११४ माणसं गेली. मूळ नकाशात छतापासून खालपर्यंत एकच सळई होती आणि दोन्ही पूल तिला आपापल्या नटवर टेकणार होते. बनवताना सोयीसाठी सळईचे दोन तुकडे केले, वरचा पूल छताला टांगला आणि खालचा पूल वरच्या पुलाला. दोन माणसं एका दोरीला लटकलेली असली तर प्रत्येकाच्या मुठीवर स्वतःचंच वजन, पण खालच्याने दोरी सोडून वरच्याचे पाय धरले की? वरच्या माणसाची मूठ सुटणार. तसंच झालं, वरच्या पुलाच्या तुळईखालच्या नटवर दुप्पट भार आला आणि तो तुळई फाडून आरपार गेला. पंचनाम्यात अशाला ‘अचानक कोसळला’ लिहितात. मोरबीत ३० ऑक्टोबर २०२२ला झुलता पूल तुटला, १३५ माणसं गेली, चौकशीत दिसलं की तुटलेल्या केबलच्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या होत्या. यात अचानक काय आहे?

आमच्या सोसायटीत एका बाल्कनीचा तुकडा पडला तेव्हा असा एक माणूस आलेला मी जवळून पाहिलाय. हातोडीने ठोकत कान लावत गेला, मग ताज्या तोडलेल्या काँक्रिटवर कसलंसं पाणी मारलं, फिनॉल्फ्थॅलीन म्हणे, आतला भाग गुलाबी झाला आणि बाहेरचा चांगला दोन बोटं पांढराच राहिला. जिथे गुलाबी होत नाही तिथे काँक्रिटचा अल्कलीपणा गेला, आतल्या सळईला गंजायला मोकळं रान. वॉचमन तुटकी सळई पुसायला गेला तर त्याच्या अंगावर ओरडला, पुसू नको, पुरावा आहे तो.

सरकारी शब्द म्हणाल तर ‘न्यायसहायक’, मुंबईत कलिन्याला सरकारी फॉरेन्सिक प्रयोगशाळा आहे, तिच्या नावात तोच आहे. न्यायवैद्यकपेक्षा शंभर पटीने बरा, पण मला त्यात ‘सहायक’ खटकतो, सहायक म्हटलं की फायली उचलणारा डोळ्यासमोर येतो. परिभाषा घडवणाऱ्यांना दार दिसलंच नाही, न्याय दिसला आणि तिथेच थांबले.

हां, तर बायोडेटा. ‘दरबारी इंजिनिअर’ लिहू नका, मुलीकडचे गाण्याच्या बैठकीचं विचारतील. ‘फॉरेन्सिक इंजिनिअर’ असंच देवनागरीत लिहा आणि कंसात ‘अपघातांच्या तांत्रिक कारणांचे तज्ज्ञ’. ज दोनदा, काकू. तत् अधिक ज्ञ, तज्ज्ञ. तुमच्या मेसेजमध्ये ‘तज्ञ’ लिहिलंय.