‘नाइस’चा आजचा अर्थ मागे ओढू नका

व्युत्पत्तीची गोडी लागली असेल तर ‘नाइस’पासून सुरुवात करा. मूळ लॅटिन ‘नेस्किउस’: ‘ने’ म्हणजे नाही, ‘स्किरे’ म्हणजे जाणणे. घडण थेट आपल्या ‘अज्ञ’सारखी! जुन्या फ्रेंचमार्गे १३००च्या सुमारास तो इंग्रजीत आला तेव्हा अर्थ होता मूर्ख. पुढे नखरेल, चोखंदळ, काटेकोर अशी वळणं घेत अठराव्या शतकात ‘छान’ झाला. ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे बारीकसा भेद. तिथे तो काटेकोरपणा अजून टिकून आहे. म्हणून जुना इंग्रजी मजकूर वाचताना आधी लेखनाचा काळ बघा, मगच कोश उघडा. आणि कोशातही पहिल्या अर्थावर थांबू नका, प्रत्येक अर्थाखालची जुनी उदाहरणं सावकाश वाचा. मला तर खरा उलगडा नेहमी तिथेच होतो.