मुळांशी नांदणारी बुरशी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (चिपळूण): उष्ण कटिबंधातल्या जंगलात झाडांच्या एवढ्या जाती. मग मुळांवरच्या मायकोरायझा बुरशीच्याही तेवढ्याच जाती असतील ना?

मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं, पण हिशेब जुळत नाही. जांभूळ, ऐन, किंजळ अशी आपल्याकडची बहुतेक झाडं ज्या बुरशीशी जोडलेली असतात, ती मुळाच्या पेशीत शिरून झुडपासारख्या फांद्या फोडते. झाड तिला साखर देतं, ती झाडाला स्फुरद आणून देते. या गटातल्या जगभर नोंदलेल्या जाती तीनशेच्या थोड्या वर, आणि तिच्यावर विसंबलेल्या वनस्पती लाखोंनी! २०१५ मध्ये अनेक खंडांतल्या नमुन्यांचा डीएनए तपासला, तेव्हा ९३ टक्के प्रकार एकाहून जास्त खंडांत सापडले. म्हणजे आंबोलीतल्या मुळांत दिसणारा प्रकार पनामातही असू शकतो.

दुसरा गट मुळाच्या टोकांवर मोज्यासारखं आवरण चढवतो. त्याच्या जाती हजारो आहेत, पण त्यांची गर्दी विषुववृत्तापाशी नाही, समशीतोष्ण जंगलांत आहे.

प्रश्न (नागपूर): म्हणजे उष्ण प्रदेशातल्या जंगलांत हा दुसरा गट नगण्य समजायचा का?

मुळीच नाही. काँगोच्या खोऱ्यात गिल्बर्टिओडेन्ड्रॉन आणि गयानात डायसिम्बे ही झाडं मोठमोठे पट्टे जवळपास एकट्याने व्यापतात. दोघांच्याही मुळांवर हाच गट असतो. आणि तुम्हाला तर एवढं लांब जायलाच नको, बस्तरचा साल वृक्ष आहे. पहिल्या सरी पडल्या की बाया सालाखालचा पाचोळा सारून काठीने माती उकरतात आणि सुपारीएवढे, चिखलाने माखलेले गोळे टोपलीत टाकतात. तोच बोडा, याच गटातली बुरशी; झारखंडात त्याला रुगडा म्हणतात. कोवळा बोडा कापला तर आत पांढरा निघतो, जून झाला की काळपट पडतो. त्याची साखर सालाच्या मुळातून येते, म्हणून शेणखत घालून वाफ्यात तो पिकत नाही. साल तोडला की बोडाही गेला. जंगलतोडीचा हिशेब घनफुटांत मांडणाऱ्यांच्या वहीत ही टोपली कुठेच नसते, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न (डिचोली): आमच्याकडे पावसात वारुळांवर येणारी अळमी याच जातकुळीतली का?

नाही. ती टर्मिटोमायसिस नावाची बुरशी. वाळवी वारुळाच्या आत चघळलेल्या पाल्या-लाकडावर तिची शेती करते. झाडाच्या मुळाशी तिचा संबंध नाही.

प्रश्न (संगमेश्वर): देवराईलगतच्या उजाड तुकड्यावर रोपं लावतोय. मायकोरायझाची पावडर आणू का?

आधी जमीन बघा. यंत्राने वरची माती खरवडून नेली असेल, तर पावडरीचा उपयोग होऊ शकतो. गवत-झुडपं टिकून असतील, तर बुरशी तिथे आहेच. ओली माती बारीक चाळणीतून धुऊन घ्या आणि भिंगाखाली धरा. खसखशीहून लहान, मोत्यासारखे गोल बीजाणू दिसतील. पाकिटात बहुधा एखाद-दुसरीच जात असते, जुन्या मातीत अनेक.

म्हणून रोपवाटिकेतच पिशवी भरताना त्याच जातीच्या जुन्या झाडाखालची मूठभर माती, बारीक मुळांसकट, मिसळा. ती गावातल्या झाडाखालची घ्या, देवराईत कुदळ नको. सुपर फॉस्फेटचा हातही आवरा. आपल्या जांभ्या मातीत स्फुरद लोह आणि अॅल्युमिनियमला घट्ट चिकटून बसतं. केसाहून बारीक तंतू मुळांच्या आवाक्याबाहेर जाऊन ते गोळा करतात. आयतं स्फुरद मिळालं की रोप बुरशीला साखर देणं कमी करतं, आणि मुळांत ती नीट रुजत नाही.

लागवडीआधी एक-दोन रोपांची बारीक मुळं जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात घेऊन जा. कॉस्टिक पोटॅशच्या (खताच्या नव्हे) द्रावणात उकळून ट्रायपॅन ब्लूने रंगवली की आतली बुरशी निळी दिसते. मुळांत निळं काहीच दिसलं नाही, तर मातीची मूठ वाढवा आणि रोपं आणखी काही महिने पिशवीतच राहू द्या.