परभणीच्या उन्हात उभ्या स्पोर्ट बाईकच्या टाकीखालून पेट्रोल गळतंय, टाकी बदलावी लागेल का?

लगेच टाकी बदलू नका. आधी हे सांगा, टाकी गळ्यापर्यंत भरून गाडी उन्हात लावली होती का? मे महिन्यात आपल्याकडे पारा 42-43 च्या पुढं जातो, पेट्रोल फुगतं आणि झाकणाजवळच्या ओव्हरफ्लो पाइपातून खाली ठिपकतं. तो बिघाड नव्हे. भरताना बोटभर जागा सोडा, झालं.

टाकी अर्धी असूनही गळत असेल तर मात्र शोधावं लागेल. इंजिन पार गार होऊ द्या, सीट आणि फेअरिंग (बाजूचं प्लास्टिकचं कव्हर) काढा, टाकीची खालची बाजू कोरडी पुसा आणि जुना पेपर अंथरा. आता चावी ऑन करा, गाडी सुरू करू नका. एफआय (फ्युएल इंजेक्शन, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या) गाडीत पंप दोन-तीन सेकंद घुंई करून लाइनमध्ये प्रेशर भरतो. पाइपाची गळती तेव्हाच नीट दिसते. पंपाच्या प्लेटभोवती ओल आली तर ओ-रिंग (गोल रबरी सील) गेली. पाइपाच्या टोकाशी थेंब धरला तर क्लिप सैल किंवा पाइप तडकलेला. चावी बंद असतानाही ओल वाढत असेल तर ओ-रिंग किंवा टाकीचा जोड बघा.

ओ-रिंग कंपनीचीच घ्या, पंपाचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा. एफआयला प्रेशर सोसणारा पाइपच लागतो, कोपऱ्यावरच्या दुकानातला साधा पेट्रोल पाइप चालत नाही. आणि एम-सील थापणाऱ्या मिस्त्रीला लांबूनच रामराम.

काम करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली असू द्या (चेक करताना तेवढी लावा), बिडीवाल्यांना लांब ठेवा.