व्हॅक्युम सीलर घेताना आधी सील बघा, मग खेचण्याची ताकद

ताई, तुमचा प्रश्न असा की गावाहून येणारे काजू, सोडे, सुकं खोबरं आणि उन्हाळ्यात केलेला मसाला पावसाळाभर चांगला राहावा म्हणून व्हॅक्युम सीलर, म्हणजे पिशवीतली हवा खेचून तिचं तोंड गरम पट्टीने बंद करणारं यंत्र, घ्यायचाय, पण स्वस्तातली यंत्रं वर्षभरात बंद पडतात असं ऐकलंय. तर महागडं घ्यावं का?

किंमत बघण्याआधी विक्रेत्याला एवढंच विचारा: झाकणाखालचं रबर, टेफ्लॉनची टेप आणि सीलची तार सुटी मिळते का? माझ्या पाहण्यात पंप जळाल्याची उदाहरणं थोडी. रबर दबून सपाट होतं आणि बाजूने हवा आत शिरते, किंवा गरम पट्टीवरची टेप करपते, प्लास्टिक तिला चिकटतं आणि सील अर्धवट बसतं. रबर आणि टेप तर घरी दहा मिनिटांत बदलता येते, फक्त मिळाली पाहिजे. हे काहीच सुटं मिळत नसेल, तर कितीही चकचकीत यंत्र असलं तरी घेऊ नका. आणि काम झालं की झाकणाचा खटका लावून ठेवू नका. कायम दाबाखाली राहिलं की रबर लवकर बसतं.

खोक्यावरच्या आकड्यांना फार भुलू नका. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे 101 किलोपास्कल असतो, त्यामुळे त्याहून जास्त खेचण्याचा दावा कुणी केला तर तो खोटाच. घरच्या कामाला 60 ते 80 पुरतं. त्यापेक्षा सीलची रेघ बघा: निदान 3 मिलिमीटर रुंद हवी, दुहेरी असेल तर उत्तम. दोन पिशव्यांमध्ये किती थांबायचं हे माहितीपत्रकात दिलेलं असतं, तेही वाचा. घाईघाईत पिशव्यांमागून पिशव्या सील केल्या की पट्टी तापते आणि बऱ्याच यंत्रांत सुरक्षेसाठी वीज आपोआप तुटते. लोकांना वाटतं यंत्र गेलं. थंड होऊ द्या, चालू होतं.

अमेरिकेहून कुणी आणून देणार असेल तर मागचं लेबल तपासा. तिथली बरीच यंत्रं 120 व्होल्टची असतात, आपल्या 230 ला थेट लावली तर गेलीच.

मोठी, पेटीसारखी चेंबरची यंत्रं असतात. पातळ पदार्थही त्यांत नीट सील होतात आणि साध्या गुळगुळीत पिशव्या चालतात. पण ती जड आणि महाग. घरून मसाले, लोणची विकायचा विचार असेल तरच त्या वाटेला जा. तुमच्या कामाला कडेने खेचणारं साधं यंत्र बास, फक्त त्याला आतून खडबडीत नक्षी असलेल्याच पिशव्या लागतात. गुळगुळीत पिशवीचे दोन्ही थर एकमेकांना चिकटतात आणि हवा निघायला वाटच राहत नाही. पिशवी नायलॉनचा थर असलेली घ्या. नुसत्या पॉलिथिनमधून ऑक्सिजन हळूहळू आत येतो आणि खोबऱ्याला, दाण्यांना खवट वास लागतो.

आता मसाला. पूड थेट भरली तर ती खेचली जाऊन सीलच्या रेघेवर बसते, आणि तिथूनच पुढे हवा शिरते. मसाला आधी कागदी पाकिटात भरा, तोंड दुमडा, मग ते पाकीट पिशवीत ठेवा. वर चार बोटं जागा मोकळी सोडा आणि सील करण्याआधी पिशवीचं तोंड आतून कोरड्या फडक्याने पुसून घ्या. अख्खी दालचिनी, लवंग आणि सुक्या मासळीचे काटे पिशवीला बारीक भोकं पाडतात, त्यांनाही कागदात गुंडाळा. ओली मासळी आधी फ्रीजरमध्ये कडक करून घ्या, मग सील करा, म्हणजे पाणी पंपात जात नाही. सील केलेली पिशवी रात्रभर ठेवून सकाळी दाबून बघा. सैल झाली असेल तर भोक किंवा कच्चं सील आहे, तेव्हाच बदला.

एक गोष्ट मात्र नीट मनावर घ्या. हवा काढली म्हणजे फ्रीजची गरज संपली, असं अजिबात नाही. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जीवाणू हवा नसतानाच वाढतो, आणि त्याचं विष वासावरून कळत नाही. शिजवलेली भाजी, सोललेला लसूण, मशरूम, उकडलेले बटाटे असं काहीही सील करून बाहेर ठेवू नका. ते फ्रीजमध्ये किंवा फ्रीजरमध्येच हवं. गोठवलेली मासळी वितळवतानाही पिशवी आधी कापा आणि मासळी फ्रीजमध्येच वितळू द्या. बाहेर ठेवायचं ते खडखडीत वाळलेलंच: मसाला, काजू, डाळी, खोबरं. सोडे हाताला जरा जरी मऊ लागले तर पुन्हा उन्हात टाका, नाहीतर सरळ फ्रीजरमध्ये ठेवा.

कोबी, फ्लॉवर कच्चे सील केले तर त्यांच्यातूनच वायू सुटतो आणि पिशवी फुगते. आधी उकळत्या पाण्यातून काढून, गार आणि कोरडे करून मगच फ्रीजरसाठी सील करा. पापड-कुरडयांचा मात्र दाबाने चुरा होतो, त्यांना आपला घट्ट झाकणाचा डबाच बरा.