घरात कुणाला संसर्ग झाला असेल तर कामावर काय कराल

नव्याने टीम सांभाळताय, म्हणून सांगतो. ‘मुलाला कांजिण्या आल्यात, मी येऊ का?’ असा फोन आला की लगेच हो किंवा नाही म्हणू नका. आधी तीन गोष्टी विचारा: डॉक्टरांनी निदान केलंय का, लक्षणं कधी सुरू झाली, आणि तुम्हाला स्वतःला हा आजार होऊन गेलाय किंवा लस घेतलीय का?

कांजिण्यांचा संसर्ग झाल्यापासून पुरळ दिसेपर्यंत साधारण १० ते २१ दिवस जातात, आणि पुरळ येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस आजार पसरवू लागतो. घोळ नेमका इथेच होतो. कर्मचारी आज ठणठणीत दिसतो, म्हणून त्याला बोलावलं जातं. आधी कांजिण्या झालेल्या किंवा लसीचे दोन्ही डोस घेतलेल्या माणसाला सहसा घरी बसवावं लागत नाही. आजारही झालेला नसेल आणि लसही घेतली नसेल, तर डॉक्टरांचा सल्ला येईपर्यंत घरूनच काम द्या. गरोदर सहकारी असेल तर जास्तच जपा.

उलट्या-जुलाबांची साथ असेल तर हिशोब वेगळा. कर्मचाऱ्याला स्वतःला त्रास सुरू झाला, तर शेवटच्या उलटी-जुलाबानंतर पूर्ण ४८ तास सुट्टी. अशा साथीमागे बऱ्याचदा असणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. साबण-पाण्यानेच हात धुवायला लावा.

टीमला कळवताना ‘संपर्काची शक्यता आहे, लक्षणांकडे लक्ष ठेवा’ एवढंच लिहा. नाव नको, कुणाचं मूल तेही नको. आणि या दिवसांचा पगार कापणार का, हे एचआरकडून पहिल्याच दिवशी लेखी घ्या. पगार कापला जाईल या भीतीनेच लोक आजार लपवतात.