चेम्मीन बघा, आणि त्यातल्या उधारीकडे नीट लक्ष द्या

तुम्ही विचारलंय की कादंबरीवरून काढलेला, समाजाला मान्य नसलेल्या प्रेमावरचा जुना सिनेमा कुठला बघावा, पण नुसती रडारड नको. मी डोळे झाकून चेम्मीन सांगेन. १९६५ चा मल्याळम सिनेमा, दिग्दर्शक रामू करियात, मूळ कादंबरी तकळी शिवशंकर पिल्लईंची. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालेला दक्षिणेतला हा पहिला सिनेमा.

केरळच्या किनाऱ्यावरची कोळ्याची पोर करुत्तम्मा आणि मासळीचा मुसलमान व्यापारी परीकुट्टी, दोघांचा लहानपणापासून जीव जडलेला. आता धर्म आडवा येणार हे तर कुणीही सांगेल, पण मला यातली पैशाची भानगड जास्त लागते. करुत्तम्माच्या बापाला, चेंबनकुंजूला, स्वतःची होडी नि जाळं हवंय, त्यासाठी तो परीकुट्टीकडून पैसे घेतो, मासळी तुलाच देईन म्हणतो आणि होडी हातात आली की सरळ शब्द फिरवतो. परीकुट्टी धंद्यातून उठतो. पोरगी आईच्या मागे लागते की आधी त्याचे पैसे फेडा, कारण तिला कळतं की हे देणं डोक्यावर असताना तिला त्याच्यापासून मोकळं होता येणारच नाही. प्रेम आणि उधारी अशी एकमेकांत गुंतवलेली मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात बघितली नाही.

दुसरं म्हणजे तिकडची समजूत, की बाई किनाऱ्यावर नीट वागली तरच नवरा समुद्रातून परत येतो, नाहीतर कडलम्मा म्हणजे समुद्रमाता त्याला गिळते. करुत्तम्माचं लग्न पळनीशी होतं, तो चांगला माणूस आहे हो, व्हिलन वगैरे अजिबात नाही. पण गावात कुजबुज सुरू होते, बाकीचे कोळी त्याला होडीत घेईनासे होतात आणि मग तो लहान होडी घेऊन एकटाच समुद्रात जायला लागतो. म्हणजे त्याचा जीव धोक्यात घातला तो गावाने, आणि बोल मात्र बायकोला! माझा तर दर वेळी इथेच संताप होतो. शेवट सांगत नाही.

सत्यनचा पळनी बघाच, शीला नि मधूही सुंदर. संगीत सलील चौधरींचं, आणि मन्ना डेंनी मल्याळममध्ये गायलेलं 'मानस मैने वरू' तर आधी नुसतं ऐकलंत तरी चालेल. सबटायटल असलेली प्रिंट मात्र शोधा, आई आणि करुत्तम्माच्या बोलण्यातला एक शब्दही सोडण्यासारखा नाही.